वाड्यावरचं सांडपाणी: जांभ्याच्या जमिनीत विहिरी सांभाळून काय करता येतं

आमच्याकडे कुणालाही विचारा, तुमच्या न्हाणीचं पाणी जातं कुठे, तर उत्तर एकच, "जिरता मगे." आणि खरंच जिरतं. जांभ्याच्या जमिनीत दोन बादल्या पाणी ओता, बघता बघता दिसेनासं होतं, म्हणूनच आपल्या गावांमध्ये सांडपाण्याचा काही प्रश्न आहे असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. पण साधी चाळणदार माती आणि जांभा यात मोठा फरक आहे. मातीतून पाणी हळूहळू, कणाकणातून जातं आणि जाताना त्यातले जंतू अडकतात, मरतात. जांभ्याला भोकं असतात, भेगा असतात, त्यातून पाणी पाइपातून गेल्यासारखं सरळ जातं, गाळलं जातच नाही. खाली बऱ्याच ठिकाणी पांढुरकी-गुलाबी चिकण माती लागते, ती पाणी खाली सोडत नाही, मग ते आडवं सरकत सरकत उतारावरच्या विहिरीत नाहीतर झरीत येतं. म्हणजे वरच्या घराने जिरवलेलं पाणी खालच्या घराच्या कळशीत. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, चाळीस घरं. मी इंजिनिअर नाही, पाणी आणि स्वच्छतेच्या गावसमितीत होते म्हणून हे सगळं शिकावं लागलं, माहितगार माणसांना विचारून, पुस्तकं बघून, गवंड्याबरोबर उन्हात उभं राहून. जे शिकले ते इथे लिहिते आहे, कुणाच्या वाड्याला उपयोग झाला तर बरंच.

सुरुवात विहिरीपासून करा

खड्डा कुठे खणायचा, टाकी केवढी, हे सगळं नंतर. आधी विहिरींचं पाणी तपासा. एच टू एस बाटली म्हणून मिळते, आत औषध लावलेला कागद असतो, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची. पाणी काळं झालं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. मी जुलैत तीन विहिरींचं पाणी भरलं आणि बाटल्या चुलीच्या वरच्या फळीवर ओळीने ठेवल्या, प्रत्येकीला दोरीने चिठ्ठी बांधून. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला गेले तर वरच्या आळीतल्या विहिरीची बाटली होती तशीच, मधलीची तळाशी काळवंडलेली, आणि खालच्या विहिरीची पूर्ण काळी, कोळसा कालवल्यासारखी. त्याच खालच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात तपासलं होतं तेव्हा स्वच्छ होतं. म्हणून सांगते, तपासणी उन्हाळ्यात एकदा आणि भर पावसात एकदा, दोन्ही करा, फक्त उन्हाळ्यातली केली तर फसाल. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की काही ठिकाणी बांयतलं (विहिरीतलं) पाणी वाकून तांब्याने घेता येतं. त्या दिवसांत तुमचा शोषखड्डा (सांडपाणी जिरवायचा खड्डा) आणि विहीर यांच्यात कोरडी जमीन उरतच नाही.

बाटली काळी झाली तर त्या दिवसापासून पाणी खळखळून उकळून प्यायचं, आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर. प्रमाण साधं आहे, चांगल्या ताज्या पावडरचं १००० लिटरला २.५ ग्रॅम, बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि तासभर विहीर वापरायची नाही. पण हे झालं तात्पुरतं. वरून मैला येतच राहिला तर किती दिवस पावडर टाकणार.

मग एक कागद घ्या आणि वाड्याचा नकाशा काढा, हाताने, वाकडातिकडा चालेल. घरं, विहिरी, झरी, सेप्टिक टँक, न्हाणीचं पाणी कुठून वाहतं, व्हाळ (ओढा) कुठे, उतार कुठल्या बाजूला. उतार डोळ्याने ठरवू नका, गवंड्याकडे पाणी भरलेली लेव्हलची नळी असते ती घेऊन दोन माणसांनी फिरा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आम्ही हे केलं तेव्हा कळलं की ज्या टाकीला आम्ही विहिरीच्या खाली समजत होतो ती हातभर वर होती.

भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस २४७० मध्ये, शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब पाहिजे, म्हणजे साठ फूट. माझं म्हणणं असं की जांभ्यात हे १८ मीटर कमीत कमी समजा, पुरेसे समजू नका. विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर जमेल तेवढं अजून लांब जा.

जमीन किती पाणी घेते ते बघायची पद्धतही त्याच मानकात आहे. जिथे पाणी सोडायचं तिथे खड्डा खणा, रात्रभर भिजत ठेवा, दुसऱ्या दिवशी पाणी भरून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मध्ये लांब चर काढून पाणी पसरावं लागतं, ६० च्या वर गेलं तर जिरवायचा नादच सोडायचा. आता आपल्याकडची गोष्ट. पाणी दोन-चार मिनिटांत गडप झालं तर गवंडी म्हणेल वा, मस्त जागा. तिथेच थांबा. ती भेग आहे. अशा ठिकाणी मैल्याचं पाणी सोडणं म्हणजे नळ जोडून ते विहिरीत सोडणं. इंटरनेटवर नांदेड पॅटर्नच्या शोषखड्ड्याचे खूप व्हिडिओ आहेत, काम चांगलंच आहे, मराठवाड्यात गल्ल्यांमधली गटारं त्याने गेली, पण तिथली जमीन वेगळी, पाऊस वेगळा, पाण्याची पातळी वेगळी. बघून जसंच्या तसं इथे करू नका. आणि जमिनीतलं पाणी पावसात १.८ मीटरच्या आत वर येत असेल तर खाली खड्डा खणायचाच नाही, मातीचा उंचवटा करून त्यात चर काढतात.

आधी घरातली टाकी

गावासाठी काय करायचं ते पुढे बघू, पण प्रत्येक घराची सेप्टिक टँक नीट नसेल तर पुढचं काहीच चालत नाही. आमच्या घराची टाकी बांधली तेव्हा कंत्राटदाराने तळाला काँक्रीट घातलंच नव्हतं. चार बाजूंना चिरे, खाली मोकळा जांभा, वर लादी. आम्हाला वाटायचं केवढी चांगली टाकी, बारा वर्षांत एकदाही भरली नाही! भरणार कशी, सगळं खाली जात होतं. झाकण उघडून काठी घातली तेव्हा कळलं आणि मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं, कारण खाली शेजारच्या वहिनींची विहीर. तुमची टाकी वर्षानुवर्षं भरत नसेल तर खूश होऊ नका, उघडून बघा.

नीट टाकी म्हणजे काय, तर तळ काँक्रीटचा, भिंतींना आतून सिमेंटचं पक्कं प्लास्टर, पाण्याची खोली किमान १ मीटर, रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट, आणि कमीत कमी १००० लिटर पाणी मावलं पाहिजे. आत मध्ये एक आडभिंत, म्हणजे जड मैला पहिल्या खणात बसतो. बाहेर जाणाऱ्या तोंडाला टी पाइप लावलाच पाहिजे, त्याचा खालचा पाय पाण्यात बुडलेला. टी नसेल तर वर तरंगणारी साय सरळ बाहेर जाते आणि पुढचा खड्डा वर्षभरात चोंदतो. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू, पण निम्म्या घरांत नव्हती. हवेच्या पाइपाला वर जाळी लावा, नाहीतर डासांचं तेच घर.

गाळ मोजायला लांब काठी घ्या, टोकाला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून बांधा, सरळ तळापर्यंत घाला, जरा थांबा आणि अलगद काढा. जितका भाग काळा झाला तितका गाळ. खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला की उपसायची वेळ झाली, साधारण दोन-तीन वर्षांनी येते. टँकर बोलवाल तेव्हा विचारा की हे कुठे नेऊन ओतणार, आणि मलनिस्सारण प्रकल्पात रिकामा केल्याची पावती मागा. पावती नाही तर पैसे नाही, असं सगळ्या वाड्याने मिळून ठरवलं तरच जमतं, नाहीतर रात्री कुणाच्या तरी शेतात नाहीतर खाजनात (खाडीकाठच्या खारजमिनीत) जातं.

आणि हात जोडून सांगते, टाकीत कुणालाही उतरवू नका. पैसे देऊन नाही, घरचा मुलगा तयार असला तरी नाही. सेप्टिक टाकीत आणि गटारात माणसाला असं धोक्यात घालून उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आतला गॅस माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. सडक्या अंड्याचा वास येतो तोच तो गॅस, पण जास्त झाला की नाक बधिर होतं, वासच येत नाही. वास नाही म्हणजे गॅस नाही असं समजून माणसं आत गेली आहेत. त्याला काढायला दुसरा जातो, आणि तोही जातो.

ज्यांच्याकडे भाट (माडांची बाग) आहे त्यांच्यासाठी

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी माडाला सोडायची आपली जुनीच पद्धत आहे आणि ती चांगली आहे, फक्त नीट केली पाहिजे. एकाच माडाच्या बुंध्याशी रोजचं सगळं पाणी सोडलं की तिथे डबकं होतं, मुळं कुजतात, डास होतात. पाच माणसांच्या घरातून न्हाणी, भांडी, कपडे मिळून रोज तीनशे-चारशे लिटर पाणी सहज निघतं, ते पाच-सहा माडांत वाटा, आळीपाळीने. बुंध्यापासून दीड-दोन मीटर लांब गोल आळं काढा, त्यात सोडणं (नारळाची सालं) उलटी रचा, वर चुडतं (माडाच्या झावळ्या) आणि पातेरा (वाळका पाला) टाका. पाणी त्या पाल्याखाली गेलं पाहिजे, वर दिसता कामा नये. पाण्याच्या वाटेवर स्वयंपाकघराबाहेर एक छोटा चेंबर, जाळी लावलेला, कारण मासळीची खवलं, खोबऱ्याचा चोथा, तेल हे सगळं त्यात अडकायला हवं. तो चेंबर आठवड्याला साफ करायचा, नाही केला तर चार घरांपर्यंत वास. संडासाचं पाणी मात्र या आळ्यांत कधीच नाही, सेप्टिक टँकमधून आलेलं असलं तरी नाही. न्हाणी-भांड्यांच्या पाण्यावर केळी, माड, पोफळी चालतात, पण त्यावर तांबडी भाजी, मुळा, कोथिंबीर अजिबात लावू नका.

पावसात हे आळं पुरत नाही, जमीनच भरलेली असते. पण घर सुटं असेल, खाली विहीर नसेल तर चालून जातं. प्रश्न येतो तो दाट वाड्यात, घराला घर लागलेलं, मागे चार हात जागा, अशा ठिकाणी. तिथे मिळून करण्याशिवाय मार्ग नाही.

सगळ्या वाड्याचं एकत्र: आधी हिशेब

आमच्या वाड्यावर १८० माणसं धरली. माणशी रोज १०० लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं असं धरतात, म्हणजे दिवसाला १४,४०० लिटर. पण चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, काय होतं? मुंबई, पुण्याहून सगळे घरी येतात, आमचा वाडा तीनशेवर जातो, मग तेच २४,००० लिटर होतं, आणि चवथ येते तीही पावसातच, जमीन भरलेली असताना. सर्वेला येणारा माणूस मार्चमध्ये येतो आणि माणसं मोजून जातो. त्याला चवथीचा आकडा तुम्हीच सांगायचा.

पावसाचं पाणी या पाइपात येता कामा नये, यावर मी सगळ्यात जास्त भांडले आहे. हिशेब बघा ना, चाळीस घरांची छपरं, प्रत्येकी १०० चौरस मीटर धरलं आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आपल्याकडे असे दिवस पुष्कळ, तर नुसत्या छपरांवरून ४ लाख लिटर पाणी खाली येतं. सांडपाणी किती, तर १४ हजार. पन्हळीचं पाणी कुणी सोयीसाठी चेंबरमध्ये सोडलं की एका सरीत टाकीतला सगळा गाळ उचलून बाहेर फेकला जातो. अंगणातल्या चेंबरची झाकणंही जमिनीपेक्षा वीतभर वर ठेवा, नाहीतर अंगणाचं पाणी त्यातून घुसतं. पन्हळीचं पाणी वेगळ्या गटाराने थेट व्हाळात.

पाइपाचं एक बरं आहे. प्रत्येक घरात सेप्टिक टँक असेल आणि तिच्यातून बाहेर पडणारं पाणीच फक्त पाइपात घ्यायचं असेल तर शहरातल्यासारखी मोठी, खोल गटारलाईन लागत नाही. जड मैला घरच्या टाकीतच राहतो, पाइपातून फक्त पाणी जातं, म्हणून चार इंची पाइप पुरतो. उतार शंभर फुटाला एक फूट ठेवा, वळणावर आणि जोडावर चेंबर ठेवा, झाकण एका माणसाला उचलता येईल असं. न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी जाळीच्या चेंबरमधून याच पाइपात.

आता खरी अडचण, जागा. घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं), भाट भाटकाराचं (जमीनमालकाचं), मधली वाट कुणाची ते कुणालाच माहीत नाही, पलीकडची जागा कोमुनिदादची (गावकीच्या जुन्या सामाईक संस्थेची). पाइप कुठूनही नेला तरी तीन जणांच्या जमिनीतून जातो. आम्ही आधी खणायला घेतलं आणि मग परवानगी मागायला गेलो, ते चुकलं, चार महिने काम बंद राहिलं. आधी सर्वे प्लॅन काढा, प्रत्येकाकडे स्वतः घरी जा, विहिरीची काळी बाटली बरोबर न्या (खरंच न्या, त्या बाटलीने जे काम केलं ते आमच्या बोलण्याने झालं नाही), आणि ना हरकत लेखी घ्या. मग ग्रामसभेत ठराव. ठरावात जागा, पाइपाची वाट, आणि पुढे देखभाल कोण करणार हे तिन्ही लिहून घ्या. बाहेर पडणारं पाणी व्हाळात जाणार असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधी विचारायचं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्याला सुरुवातीपासून बरोबर घ्यायचं.

टाकी आणि कर्दळीचा वाफा

जागा वाड्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे पंप लागत नाही, पण पावसात पाणी भरतं अशा शेतात नाही. जुन्या माणसांना विचारा पाणी कुठवर येतं, त्याच्या वर बांधा.

विजेवर चालणारा मोठा प्लँट विकायला माणसं येतील, ब्लोअर, मोटर, पॅनेल. शहरातल्या सोसायटीला तो बरोबर असेल. पण आपल्याकडे पावसात वीज कितीदा जाते, मोटर जळली तर दुरुस्त करायला कोण येणार, बिल कोण भरणार. लहान वाड्याला वीज न लागणारी पद्धतच बरी असं माझं ठाम मत आहे. मी सांगते आहे ती डीवॅट्स (जागच्या जागी, विकेंद्रित सांडपाणी साफ करायची पद्धत) म्हणून ओळखली जाते, नीरीने (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था) नागपूरला केलेली फायटोरिड पद्धतही याच झाडांच्या वाफ्याच्या जातीची. डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घ्या, पण काय करून घेतो आहोत ते आपल्याला कळलं पाहिजे म्हणून सांगते.

पहिली एक गाळ बसायची टाकी. तिच्यापुढे खणांची टाकी, म्हणजे एक लांब टाकी आणि तिच्यात आडभिंती, पाणी प्रत्येक खणात वरून खाली पाइपाने तळाला सोडायचं आणि तळातून वर चढू द्यायचं. तळाशी जो काळा गाळ साठतो तो जिवंत असतो, त्यातले हवेशिवाय जगणारे जंतू वर चढणाऱ्या पाण्यातली घाण खातात. म्हणून पाणी सावकाश चढलं पाहिजे, तासाला साधारण एक मीटरपेक्षा जास्त नाही, नाहीतर ते गाळच घेऊन जातं. आमचा हिशेब असा होता की चवथीचे २४,००० लिटर मुख्यतः आठ तासांत येतात, म्हणजे तासाला ३ घनमीटर, तर खणाचा तळ ३ चौरस मीटर पाहिजे. ३ मीटर रुंद, १ मीटर लांब, पाणी १.८ मीटर खोल, असे पाच खण. एकूण २७ घनमीटर, म्हणजे रोजच्या दिवसांत पाणी जवळजवळ दोन दिवस आत राहतं आणि चवथीलाही एक दिवस. प्रत्येक खणाला वर झाकण हवं, मधल्या एकाला दिलं आणि बाकीचे बंद केले असं करू नका, पुढे काठी घालून बघणार कुठून?

इथून निघालेलं पाणी राखाडी असतं, वास असतो. ते वाफ्यात जातं. वाफा म्हणजे खडीने भरलेला उथळ हौद, खाली गळती बंद, वर झाडं, आणि पाणी खडीच्या आतून, वरून दिसणार नाही असं वाहतं. पाणी तीन दिवस आत राहायला हवं. १४.४ घनमीटर गुणिले ३, म्हणजे ४३.२, आणि खडीत पोकळी साधारण ४० टक्के, म्हणून १०८ घनमीटर खडी, पाण्याची खोली ६० सेंटिमीटर धरली तर १८० चौरस मीटर जागा. माणशी एक चौरस मीटर, असं लक्षात ठेवा. आम्ही ६ बाय १५ मीटरचे दोन वाफे शेजारी शेजारी केले, म्हणजे एक साफ करायला बंद ठेवला तरी दुसरा चालू.

खडी काळीच घ्या, १० ते २० मिलिमीटरची, चाळून आणि धुऊन. जांभ्याचे तुकडे फुकट मिळतात म्हणून भरायचा मोह होतो, पण जांभा पाण्यात झिजतो, त्याची माती होते आणि दोन वर्षांत वाफा चोंदतो. पाणी आत येतं तिथे आणि बाहेर जातं तिथे मुठीएवढे दगड, अर्धा मीटर रुंदीची पट्टी. तळाला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद, त्याच्या खाली वाळूचा थर, म्हणजे जांभ्याच्या टोकांनी तो फाटणार नाही. तळाला उतार शंभराला एक. चारी बाजूंना हातभर बांध, म्हणजे बाहेरचं पाणी आत येत नाही. वरून पडणारा पाऊस मात्र अडवता येत नाही, १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी १८० चौरस मीटरवर १८,००० लिटर पडतात, म्हणजे रोजच्या सांडपाण्यापेक्षा जास्त, म्हणून बाहेर जाणारा पाइप सहा इंची ठेवा.

बाहेरच्या चेंबरमध्ये फिरणारा एल्बो (कोनात वळलेला पाइपाचा तुकडा) बसवा. तो उभा केला की वाफ्यातलं पाणी वर चढतं, कलता केला की उतरतं. पाणी खडीच्या पृष्ठभागाच्या पाच सेंटिमीटर खाली ठेवायचं, तेवढं जमलं की ना डास ना वास. एवढासा तुकडा, पण सगळ्या कामात मला तो सगळ्यात आवडतो.

झाडं म्हणून कर्दळ सगळ्यात बरी, गड्डे वाड्यावरच मिळतात, चौरस मीटरला चार लावा. वाळाही चालतो. आळू लावू नका. आळू त्यात फार सुंदर वाढतं, पानं तव्याएवढी होतात, आणि मग कुणीतरी वड्यांना कापून नेतं. आमच्याकडे एका आजींनी नेलंच होतं, त्यांना समजावता समजावता नाकी नऊ आले, शेवटी सगळं आळू उपटलं.

लावायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, पाऊस संपल्यावर, म्हणजे पुढच्या पावसाआधी मुळं खोल जातात. खणांच्या टाकीत सुरुवातीला चालू असलेल्या सेप्टिक टँकचा थोडा काळा गाळ सोडा, नाहीतर शेणकाला. तरीही पहिले तीन-चार महिने पाणी साफ येणार नाही, लोक म्हणतील पैसे फुकट गेले. आधीच सांगून ठेवा की हे दही लागल्यासारखं आहे, वेळ लागतो.

बाहेर आलेलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. फिकट, जवळजवळ नितळ आणि मातीचा वास, हे चांगलं लक्षण. पण ग्लासावर थांबू नका, वर्षातून दोनदा लॅबमध्ये पाठवा, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. हे पाणी नितळ दिसलं तरी त्यात जंतू उरतात, म्हणून ते माड, पोफळी, केळीला चरातून द्यायचं, फवारायचं नाही, आणि मुलांना त्यात खेळू द्यायचं नाही.

पैसे आणि रोजची उठबस

स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या २०२० साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये असा दर धरला होता. आमच्या १८० माणसांचे होतात ५०,४०० रुपये. तेवढ्यात पाइपही धड होत नाहीत, हे खरं आहे आणि ग्रामसभेत ते स्पष्ट बोललं पाहिजे. बाकीचं वित्त आयोगाच्या निधीतून पंचायतीकडे मागावं लागतं, त्या निधीतला एक भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो. पंचांना हे माहीत असतंच असं नाही, कागद घेऊन जा.

देखभालीला आम्ही घरामागे महिना ५० रुपये ठरवले, महिन्याचे २००० होतात. त्यात वाड्यावरच्याच एकाला आठवड्यातले दोन अर्धे दिवस काम, चेंबरच्या जाळ्या काढणं, आत येणाऱ्या तोंडाचे दगड बघणं, वाळलेली कर्दळ कापणं. त्याला गमबूट, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि साबण समितीने द्यायचे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. पैसे गोळा करताना चेहरे वाकडे होतात, होऊ देत, वही उघडी ठेवा, कुणालाही बघू द्या.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या सरीआधी, एवढं करून घ्या: सगळ्या घरांच्या पन्हळी बघा, कुणाची चेंबरमध्ये वळवलेली आहे का. खणांत काठी घालून गाळ मोजा, पहिल्या टाकीत तिसरा हिस्सा गाळ असेल तर टँकर आताच, जूनमध्ये त्याची चाकं अंगणात रुततात. वाफ्याच्या तोंडाचे दगड चोंदले असतील तर काढून धुवा. एल्बो थोडा खाली फिरवा, पावसाला जागा होते. आणि जुलैच्या मध्यावर पुन्हा तीन बाटल्या भरा, त्याच तीन विहिरींच्या, चिठ्ठ्या बांधून फळीवर ठेवा.